तेल काढलेली जीप

बुधाजी रोकडे अठरा वर्षं लष्करात गाडी हाकून भिसेगावात परतला, तेव्हा त्याच्याजवळ एक लोखंडी ट्रंक आणि पेन्शनचे कागद एवढंच होतं. कर्जतच्या एका भातगिरणीत त्याला ट्रकवर काम मिळालं. गिरणीचा मालक म्हणायचा की हा माणूस ट्रकशी बोलतो. ते खरं होतं. माणसांशी मात्र तो फारसा बोलत नसे.

चौसष्ट साली खालापूरकडच्या एका बंद दगडखाणीत भुसा टाकायला गेला असताना त्याला जीप दिसली. लढाईच्या काळातली, डाव्या हाताला स्टेअरिंग असलेली. टायर नव्हते, सीटा कुजून गेल्या होत्या, बॉनेटच्या फटीतून पिंपळाचं रोप वर आलं होतं आणि इंजिनात उंदरांनी घर केलं होतं. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर त्यानं अशीच एक जीप तीन पावसाळे चालवली होती. तो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला, खाली वाकून चेसिस बघितली आणि तिथूनच खाणवाल्याचं घर विचारत निघाला. खाणवाल्याला ती उचलून नेणारा कोणी हवाच होता. दोन बैलजोड्या लावून, वाटेत एक मुक्काम करून, बुधाजीनं जीप घरी आणली.

बायको चंद्रभागा दारात उभी होती. "ह्ये काय आनलंय?" तिनं विचारलं.

"गाडी हाय."

"कुठं हाय गाडी? मला तर नुसता पत्रा दिसतोय."

घराला लागून त्यानं बांबूची छपरी घातली आणि त्या छपरीखाली पुढची पाच वर्षं गेली. गिरणीतून आला की चहा पिऊन तो जीपखाली शिरायचा. एकेक बोल्ट रॉकेलमध्ये भिजत घालून, गंज खरवडून, पुन्हा जागेवर बसवायचा. चंद्रभागेचं एक पितळेचं पातेलं रॉकेलला गेलं ते गेलंच. तिची जुनी लुगडी चिंध्या होऊन इंजिनावर फिरू लागली. जीपखालून नुसते त्याचे पाय दिसायचे आणि आवाज यायचा, "चंद्रे, मधला पाना आन." "चंद्रे, दिवा आन." ती चूल सोडून उठायची, चरफडायची आणि नेऊन द्यायची. पाच वर्षांत तिला सगळ्या पान्यांची मापं पाठ झाली. तो मात्र काय खोलतोय आणि कशाला, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

एकोणसत्तर साली जीप चालू झाली. त्या वर्षीच्या चौदा एप्रिलला तिच्या बॉनेटवर बाबासाहेबांची तसबीर ठेवून भिसेगावची मिरवणूक निघाली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. एरवी पावसाळ्यात एस.टी. जात नाही अशा डोंगराच्या पोटातल्या वाड्यांवरून बुधाजी अडलेली बाळंतीण आणायचा, साप चावलेला माणूस आणायचा. जीपची निगा तर अशी ठेवायचा की बघणाऱ्यानं हसावं. दर महिन्याला ग्रीस, दर पावसाळ्यानंतर ब्रेक खोलून साफ, आणि ठरल्या दिवशी इंजिनातलं जुनं तेल काढून नवं. "तेल म्हंजी रगत," असं तो धाकट्या भावाला, चंदरला, सांगायचा. चंदर रेल्वेत गँगमन होता, घाटातल्या रुळांवर त्याचं काम. त्याला जीप हाकता येत होती, पण बॉनेटखालचं काही कळत नव्हतं आणि दादा असताना कळून घ्यायची गरजही नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीतली गोष्ट. सकाळी नऊचा सुमार. बुधाजीनं इंजिन थोडं चालवून गरम केलं, बंद केलं, खाली शिरून तेलाचा बोल्ट काढला. काळं तेल पत्र्याच्या डब्यात निथळू दिलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबून बोल्ट परत घट्ट आवळला. आता बाजारातून नवं तेल आणायचं आणि वरून ओतायचं एवढंच राहिलं होतं. हात पुसत तो बाहेर आला आणि दाराकडे बघून म्हणाला, "चंद्रे, आन..."

त्याला पिशवी हवी होती. पण पुढचा शब्द तोंडातून आलाच नाही. चंद्रभागेनं मागं वळून बघितलं तोवर तो अंगणात कोसळला होता. तिला वाटलं पाणी मागतोय. ती तांब्या घेऊन धावली.

कल्याणच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून त्याला घरी आणलं, तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखे झाले होते. आणि वाचा गेली होती. पुरती गेली नव्हती, एक शब्द उरला होता: "आन."

निघताना डॉक्टरांनी चंद्रभागेला आणि चंदरला समोर बसवून सांगितलं होतं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द तेवढे सापडत नाहीत. आणि त्यांच्या मानेच्या हो-नाहीवर विसंबू नका. हो म्हणायचं असेल तिथं मान नाही म्हणून हलेल. त्यांनाही ते कळणार नाही, किंवा कळेल पण आवरणार नाही."

"मंग आमी वळखायचं कसं?" चंद्रभागेनं विचारलं.

"सवयीनं," डॉक्टर म्हणाले.

पण कुठल्याच सवयीनं काही कळत नव्हतं. सकाळी तो म्हणे, "आन." ती पाणी आणी. तो डाव्या हातानं तांब्या बाजूला सारी. "आन." चहा. "आन." टोपी. "आन, आन." तंबाखूची डबी, घोंगडी, पेन्शनचं पुस्तक. घरातली एकेक वस्तू ती त्याच्यापुढं धरायची आणि तो डोळे मिटून घ्यायचा. कधी कधी ते पाणीच असायचं आणि ते तिला तिसऱ्या खेपेला उमजायचं. एकदा तिनं कंटाळून म्हटलं, "अवं, आता घरात काय शिल्लक ऱ्हायलं नाय आनायला." आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

फेब्रुवारीत त्याला ओटीवर खुर्चीत बसवायला लागले. तिथून छपरीतली जीप समोर दिसायची. त्या दिवसापासून त्याचं एकच चालू झालं. डावा हात जीपकडे करायचा आणि म्हणायचं, "आन." चंद्रभागा फडकं आणून जीप पुसून काढायची. तो मान हलवायचा, पुन्हा हात करायचा.

त्याच दिवसांत छपरीच्या कोपऱ्यात तिला तो पत्र्याचा डबा सापडला. काळं, जळकं तेल. असं तेल बुधाजी दरवेळी लाकडाला लावायचा, वाळवी लागू नये म्हणून. यंदा लावणारा कोणी नव्हता. तिनं चिंधी घेतली आणि ओटीचे दोन्ही खांब, दाराची चौकट, छपरीचे बांबू, सगळं डब्यातल्या तेलानं माखून काढलं. बुधाजी खुर्चीत बसून बघत होता. "आन!" तो ओरडला. "आन! आन!" चंद्रभागेला वाटलं, एखादी जागा सुटली असेल. तिनं ती परत एकदा माखली.

मार्चमध्ये एका सुट्टीच्या दिवशी चंदर आला. त्यानं दादाचा हात बघितला, जीपकडे केलेला, आणि त्याच्या मनात आलं ते अगदी साधं होतं.

"वयनी, दादाला गाडीत बसायचं हाय."

दोघांनी मिळून बुधाजीला उचललं आणि जीपच्या पुढच्या सीटवर बसवलं. त्यानं डाव्या हातानं समोरचा पत्रा चाचपला आणि तो रडायला लागला. आवाज न करता, नुसते डोळे वाहत होते. "आन," तो म्हणाला. चंदरच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"दादा, जयंतीला गाडी निघनार," तो म्हणाला. "कायपन होवो. तू म्होरं बसायचं, मी हाकतो."

बुधाजीनं त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली. चंदरला ते होकारासारखं वाटलं.

चंदरनं मनापासून तयारी केली. बॅटरी बाजारात नेऊन भरून आणली, रेडिएटरमध्ये पाणी घातलं, टायरांत हवा मारून आणली, प्लग पुसले, पेट्रोल टाकलं. इंजिनात तेल आहे का हे बघायची एक लोखंडी पट्टी असते, ती त्यानं ओढून बघितली नाही. त्याला ती ठाऊक नव्हती असंही नाही. पण दादाच्या गाडीत तेल नाही असं होऊच शकत नव्हतं. तेरा तारखेला संध्याकाळी त्यानं हँडल मारलं, जीप तिसऱ्या झटक्याला बोलली. त्यानं लगेच बंद केली, पेट्रोल उद्याला हवं म्हणून. ओटीवर बुधाजी डाव्या मुठीनं भिंतीवर मारत होता. गल्लीतली माणसं म्हणाली, बघा, दादाला किती आनंद झालाय.

चौदा तारखेला दुपारी चारला मिरवणूक निघाली. बॉनेटवर तसबीर, झेंडूच्या माळा, दोन्ही बाजूंना निळे झेंडे. पुढं बँड, त्यापुढं लेझीम. चंद्रभागेनं बुधाजीला धुतलेला पांढरा सदरा घातला होता, खिशावर लष्करातली पदकं लावली होती. तो चंदरच्या उजवीकडे बसला होता. उजवं अंग पडलेलं, डावा हात चंदरच्या बाजूला मोकळा.

जीप सुरू झाली तसा त्यानं तो हात चालू-बंदच्या कळीकडे नेला. चंदरनं तो मायेनं बाजूला केला. त्यानं पुन्हा नेला. "आन! आन! आन!" त्याचं तोंड लाल झालं होतं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. समोरच्या पत्र्यावरच्या एका गोल घड्याळावर तो बोटानं ठोकू लागला. काचेतला काटा शून्यावर पडून होता. ते घड्याळ तेलाचा दाब दाखवतं हे चंदरला माहीत नव्हतं.

"हाकायची हाय व्हय रं दादा तुला?" चंदर हसून म्हणाला. त्यानं बुधाजीचा तो हात धरला आणि उचलून स्टेअरिंगवर ठेवला. वरून स्वतःचा हात ठेवला. बघणाऱ्यांनी जयजयकार केला. कोणीतरी बुधाजीच्या गळ्यात हार घातला. मागून बायकांबरोबर चालणाऱ्या चंद्रभागेनं ते बघितलं आणि जानेवारीपासून पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

बँड मोठ्यानं वाजत होता. इंजिनातून येणारी टकटक कोणाच्याच कानावर पडली नाही, एका माणसाच्या सोडून. बाजाराच्या तोंडाशी बॉनेटच्या फटीतून धूर येऊ लागला, तो उदबत्त्यांचा असेल असं मंडळींना वाटलं. मग जीपला एक जबरदस्त हिसका बसला. आत काहीतरी करकरलं आणि ती जागच्या जागी थांबली. तसबीर पुढं कलली, ती दोघांनी झेलली.

चंदरनं उतरून हँडल लावलं. ते तसूभरही फिरेना. तो लोंबकळला, घामाघूम झाला, तरी फिरेना.

"ढकला रं!" कोणीतरी ओरडलं आणि वीस-पंचवीस जणांनी जीपला हात लावले. मिरवणूक थांबली नाही. सगळा बाजार फिरून, रेल्वेची लाईन ओलांडून, माणसांनी ती जीप बुधाजीसकट भिसेगावात ढकलत आणली. कोणाची तक्रार नव्हती, उलट जोर चढला होता. बुधाजीचा हात स्टेअरिंगवरून खाली घसरून मांडीवर पडला होता. सगळ्या वाटेत तो एकदाही "आन" म्हणाला नाही.

तिसऱ्या दिवशी चौक गावाहून नागू मिस्त्री आला. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं गॅरेज होतं आणि बुधाजीची त्याची जुनी ओळख. त्यानं बॉनेट उघडलं, वास घेतला आणि सगळ्यात आधी ती लोखंडी पट्टी ओढली. ती कोरडी होती. त्यानं बोटानं पुसून बघितली, पुन्हा आत घालून पुन्हा ओढली.

"तेलाचा टिपूस नाय ह्यात," तो म्हणाला. "खालचा बोल्ट तर घट्ट हाय. गळलेलं न्हवं. कोनी तरी काढलंय."

"कोन काढील?" चंदर म्हणाला. "गाडीला दादाबिगर हात लावतंय कोन?"

चंद्रभागा ओटीवर उभी होती. तिचा एक हात खांबावर होता. तिनं तो उचलून तळव्याकडे बघितलं. मग दाराच्या चौकटीकडे बघितलं, छपरीच्या बांबूंकडे बघितलं. सगळं काळंभोर.

"भावजी," ती म्हणाली, "त्ये मी लावलं."

"काय लावलंत?"

"डब्यातलं तेल. त्या दिवशी ते गाडीखाली व्हते. तेच करत व्हते. जुनं काढलं, आन् नवं घालायच्या आधी..."

चंदर जीपच्या पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "तीन महिने दादा तेल आन, तेल आन म्हनत व्हता. आन् मी त्याचा हात धरून स्टेरिंगवर ठेवला."

नागू मिस्त्री फडक्यानं ती पट्टी उगाचच पुसत राहिला.

चंद्रभागा नवऱ्याच्या खुर्चीपुढं जाऊन खाली बसली. "अवं," ती म्हणाली, "तेल म्हनत व्हता ना तुमी? गाडीत तेल नाय, तेल आना, असंच ना?"

बुधाजीनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मान आडवी हलवली. नाही.

तिनं चंदरकडे बघितलं. डॉक्टरांचं बोलणं दोघांनाही आठवत होतं. ते नाही हे हो होतं की नाहीच होतं, हे सांगणारं जगात कोणी नव्हतं.

चंदरनं हट्टच धरला. नागू म्हणत होता, सोडून द्या, एवढ्या जुन्या गाडीचं सामान मिळायचं नाही. चंदर म्हणाला, तू फक्त सांग काय काय लागतं. दर आठवड्याच्या सुट्टीला नागू चौकाहून यायचा आणि दोघं छपरीत इंजिन खोलायचे. आतलं बघून नागूनं कपाळाला हात लावला. बेअरिंगं वितळून चिकटली होती, त्यांत फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्यावर खोल ओरखडे होते. चंदरनं क्रँक पोत्यात बांधून रेल्वेनं पुण्याला नेला, घासून आणला. त्या मापाची बेअरिंगं शोधायला मुंबईच्या जुन्या बाजारात सहा चकरा मारल्या. रुळावर दिवसभर हातोडा मारून आलेला माणूस सुट्टीच्या दिवशी इथं पाने फिरवायचा. चंद्रभागा म्हणायची, "भावजी, जरा पडा." तो म्हणायचा, "पडतो नं, गाडी चालू झाली का पडतो."

बुधाजी ओटीवरून बघायचा. त्याचं "आन" परत सुरू झालं होतं. कधी एकदाच, कधी तासभर. एका दुपारी चंदरचा तोल सुटला. हातातला पाना अंगणात भिरकावून तो ओरडला, "काय आनू? सांग ना दादा, काय आनू? तू सांगशील त्ये आनतो रं, पन सांग!" बुधाजीचं तोंड उघडं राहिलं, ओठ थरथरले आणि परत तोच शब्द बाहेर पडला. चंदर ओटीवर आला, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिला. बुधाजीनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तो हात मात्र अगदी नीट चालत होता.

पावसाळा लागला. छपरीला ताडपत्री बांधली. जुलैच्या अखेरीला एका ढगाळ दुपारी नागूनं कनेक्टिंग रॉड बसवायला घेतले. रॉडला क्रँकशी धरून ठेवणाऱ्या चार अर्धगोल कॅपा असतात, त्यांतल्या तीन आवळून झाल्या. आणि बुधाजी सुरू झाला. "आन! आन!" डावी मूठ खुर्चीच्या हातावर धाडधाड आपटत होती.

"दादा, आता तेल हाय," नागू म्हणाला. त्यानं तेलाचा नवा डबा उचलून दाखवला. "ह्ये बघा. फुल घालतो."

मूठ थांबेना.

"थांबा," चंद्रभागा म्हणाली. ती आतून परात घेऊन आली. "सकाळपासून जे जे बसवलंत, ते काढून द्या ह्याच्यात."

"वयनी, चार तासांचं काम हाय ह्ये."

"असू द्या. काढा."

ती जे बोलली ते अशा आवाजात बोलली की नागूनं निमूट पाना उचलला. कॅपा, नट, बेअरिंगचे अर्धगोल तुकडे, एकेक पुसून ती परातीत मांडत गेली आणि परात नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. यावेळी तिनं काही विचारलं नाही. त्याच्या तोंडाकडे, मानेकडे बघितलंही नाही. फक्त हाताकडे आणि डोळ्यांकडे बघत राहिली. हात परातीवरून फिरला. एका कॅपेवर थांबला. तिथून उचलला, पुन्हा फिरला, पुन्हा तिथंच आला आणि मग तिथून हललाच नाही.

नागूनं ती कॅप उचलून उजेडात नेली. कडेला, ती कितव्या रॉडची ते सांगणारा, लहानसा आकडा ठोकलेला होता, ग्रीसनं भरून गेलेला. नखानं खरवडल्यावर तीन दिसला. तो आत गेला आणि जिथून ती काढली होती त्या रॉडवरचा आकडा त्यानं खरवडला. तिथं दोन होता.

"अदलाबदल झाली," नागू म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "मिलट्रीदादा, चुकलो मी. ही गाडी परत चिकटली असती."

बुधाजीनं खुर्चीला मान टेकली. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं की ते वाकडं झालेलं तोंड होतं, हे सांगणं कठीण होतं. पण तो शांत होता. त्या संध्याकाळी चंद्रभागेनं परातीत भाकरी, भात, गूळ, दूध असं निरनिराळं मांडून त्याच्यापुढं धरलं. त्यानं गुळावर हात ठेवला. तिनं ती परात चंदरला दाखवली, शेजारणीला बोलावून दाखवली. सातव्या महिन्यात का होईना, वाट सापडली होती. उद्या कपडे मांडायचे, परवा औषधं मांडायची, मग सासरी असलेल्या मुलीचा फोटो मागवून तो मांडायचा. तिनं मनात सगळं ठरवून टाकलं.

ते चौदा दिवस चाललं. पंधराव्या दिवशी पहाटे बुधाजीला दुसरा झटका आला.

या वेळी डॉक्टर घरीच येऊन बघून गेले. हलवण्यात अर्थ नाही म्हणाले. बुधाजी आतल्या खोलीत खाटेवर पडून होता. डोळे उघडे होते, श्वास चालला होता. डावा हातही आता उचलत नव्हता. तो एक शब्दही गेला होता. चंद्रभागेनं परात आणली, त्याचा हात उचलून परातीत ठेवला. तो ठेवला तिथंच पडून राहिला. तिनं परात भिंतीला टेकवून ठेवली.

इंजिन तोवर बसवून झालं होतं. नागूनं तेल घातलं, पट्टी तीनदा ओढून बघितली. चंदरला म्हणाला, "आता वाट कोनाची बघतोस?"

चंदरनं जीप ढकलून खोलीच्या खिडकीखाली आणली आणि हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन चालू झालं. आवाज एकसारखा होता, कुठं खडखड नाही, धूर नाही. नागूनं बॉनेटवर हात ठेवून कान लावला आणि समाधानानं मान डोलावली. गल्लीतली माणसं भर पावसात बाहेर येऊन उभी राहिली.

आत चंद्रभागा खाटेशी बसली होती. तिनं नवऱ्याच्या डोळ्यांवर नजर लावली होती. पापणी हलते का, बुबुळ खिडकीकडे वळतं का, बोटाचं टोक तरी हलतं का. पावसाचं पाणी गजांवरून आत उडत होतं. डोळे वर आढ्याकडे लागलेले होते, ते तिथंच होते.

"वयनी!" बाहेरून चंदर ओरडला. "दादाला ऐकू आलं का? काय म्हनतो?"

तिनं तोंड उघडलं. काय सांगावं ते तिला सुचेना. ऐकू आलं म्हणावं तर खोटं होईल, नाही म्हणावं तर तेही खरं कशावरून?

"वयनी?"

"चालू राहू द्या," ती म्हणाली.

चंदरनं अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. मग पाऊस वाढला आणि त्यानं ते बंद केलं.

बुधाजी आठ दिवसांनी गेला. रोकड्यांच्या घरी दोन-तीन महिने जीपचं नाव कोणी काढलं नाही. चंदरनं तिला हात लावला नाही. त्याची बदली लोणावळ्याला झाली तेव्हा तो म्हणाला, "वयनी, मला ती बघवत नाय. तुमाला काय वाटंल ते करा." चंद्रभागेनं नागू मिस्त्रीला निरोप धाडला.

नागू आला. गॅरेजात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायला त्याला जीप हवीच होती. जाताना जीपच्या सीटखालून त्याला एक बिस्किटांचा डबा सापडला. आत तेलकट कागदांत गुंडाळलेल्या वीस-पंचवीस बारीक वस्तू होत्या. स्प्रिंगा, पितळेच्या चकत्या, एक वाकडी कडी, चामड्याचा गोल तुकडा. प्रत्येक गुंडाळी वेगळी, दोऱ्यानं बांधलेली.

"वयनी, ह्ये कशाकशाचं हाय?" नागूनं विचारलं. "दादानं सांगितलं व्हतं का कधी?"

चंद्रभागेनं एकेक गुंडाळी सोडून बघितली. यातल्या काही वस्तू तिनंच कधीतरी चुलीपासून उठून त्याच्या हातात नेऊन दिल्या होत्या, एवढं तिला ओळखता आलं.

"नाय," ती म्हणाली. "मी कधी इचारलं नाय."

नागूनं गुंडाळ्या होत्या तशा बांधल्या, डबा सीटखाली परत ठेवला आणि जीप चालू करून चौकच्या वाटेला लागला.